एकुलता एक रायवळ: त्याचे गुण टिपायचे कसे आणि कलम बांधायचं कसं

शिराळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात आमची शेती. बांधावर सात रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेले गावठी आंबे होते, सगळे सासऱ्यांच्या वडिलांच्या काळातले. प्रत्येकाला नाव होतं. खोबऱ्या, शेप्या, गोटी, केळ्या, शेंद्र्या, साखऱ्या आणि लोणच्या. आता चारच उरलेत. साखऱ्या रस्त्याच्या कामात गेला. कापणार हे आठ दिवस आधी कुणी सांगितलं असतं, तर मी कलमासाठी त्याच्या काड्या काढून ठेवल्या असत्या. सकाळी वैरणीला गेले तर बुंधा तेवढा उरला होता आणि भुसा दवानं ओला झाला होता.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याच्या कोयी आधीच परड्यात लावून ठेवल्या होत्या. त्यातली तीन रोपं जगली. आठ वर्षांनी फळं धरली तेव्हा एक निघालं आंबट, एकाच्या गरात नुसता धागा, आणि तिसरं गोड होतं पण पाणचट. आत्याबाई तिन्ही झाडांची फळं पाटावर मांडून बसल्या, एकेक चोखून बघितली आणि म्हणाल्या, "यातला एकबी माझा साखऱ्या न्हाय गं." त्या दिवसापासून मी वही घातली. अंगणवाडीत पंचवीस वर्षं पोरांची वजनं-उंच्या लिहिल्यात, त्यामुळं मोजून लिहायचा कंटाळा मला येत नाही. त्या वहीत जे करत आले, तेच इथं सांगते.

आधी कोयीचं नीट समजून घ्या, म्हणजे पुढचा खटाटोप कशासाठी ते कळेल. मोहोरावर माश्या बसतात, मधमाश्या बसतात, या झाडाचे पराग त्या झाडावर जातात. कोयीत जे मूल असतं त्याची आई आपल्याला ठाऊक, बाप ठाऊक नाही. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो, आणि तो असा दोघांचा असतो. म्हणून पोर आईसारखं निघत नाही. कोकण-गोव्यापासून केरळापर्यंतच्या किनाऱ्यावर काही जाती अशा आहेत की एका कोयीतून दोन-तीन कोंब येतात, आणि त्यातले बरेचसे आईच्याच वळणाचे असतात. तुमच्या झाडाचं काय आहे ते बघायचं असेल तर दहा कोयी पेरा आणि एका कोयीतून किती कोंब निघाले ते मोजा. आमच्या साती झाडांच्या कोयींना कोंब एकेकच आला.

सफरचंदाचंही असंच असतं. बाजारात जे हिरवंगार आंबट-गोड सफरचंद मिळतं, ग्रॅनी स्मिथ, ते ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ एका म्हाताऱ्या बाईच्या बागेत बी पडून आपसूक उगवलेलं झाड. ही १८६८ च्या आसपासची गोष्ट. त्याचं बी लावून तसं फळ मिळत नाही, म्हणून जगभर त्या जातीची जेवढी झाडं आहेत ती त्या एका झाडाच्या काडीवरून काडी अशी वाढत गेलेली आहेत. आपला दशहरीही तसाच. लखनौजवळच्या दशहरी गावातल्या एका झाडापासून तो सगळीकडे गेला.

म्हणजे बांधावरचा प्रत्येक रायवळ ही स्वतःच एक जात असते, आणि त्या जातीचं जगात एकच झाड असतं. ते पडलं की जात संपली. आधी त्याचे गुण लिहायचे आणि मग काडी काढायची. गुण लिहिले नाहीत तर पाच वर्षांनी कलमाला फळ आल्यावर ते बरोबर आलं की नाही हे कशावरून ठरवणार? आठवणीवर विसंबू नका. आठवणीतला आंबा दर वर्षी थोडा जास्त गोड होत जातो.

एका झाडाला वहीची चार पानं ठेवा. पहिल्या पानावर जागा: गट नंबर, कुठला बांध, विहिरीपासून कुठल्या अंगाला. छातीच्या उंचीवर बुंध्याला टेप लावून घेर मोजा. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. झाड कुणी लावलं, दर साल फळतं की सालाआड, पूर्वी फळं कुठं जायची, याला आणखी काय नाव होतं, हे सगळं विचारा. आमच्या शेंद्र्याला खालच्या वाडीत 'कुंकवाचा' म्हणतात हे मला असंच कळलं. दोन नावं असली तर दोन्ही लिहा, एक खोडू नका.

पालवी फुटते तेव्हा झाडाखाली एक चक्कर मारा. कोवळ्या पानाचा रंग हा फार उपयोगाचा गुण आहे आणि लोक तो बघतच नाहीत. कुणाची पालवी गर्द तांबडी, कुणाची तांब्याच्या भांड्यासारखी, कुणाची पोपटीच. झाडाचा हा रंग वर्षानुवर्षं तोच राहतो. पुढं कलमांची सरमिसळ झाली तर फळाची वाट न बघता पालवीवरून रोप ओळखता येतं. जून पान चुरगाळून वासही घ्या. आमच्या शेप्याच्या पानालाच शेपूसारखा वास येतो, फळ लांबच राहिलं. दहा जून पानांची लांबी-रुंदी मोजून लिहिली की पानाचं काम झालं.

मोहोराच्या वेळी दोनच गोष्टी लिहा: पहिला मोहोर कुठल्या आठवड्यात दिसला, आणि त्याच्या दांड्याचा रंग पांढरट की लालसर. त्या साली तुडतुडे (मोहोराचा रस शोषणारे किडे) किंवा भुरी (पांढरी बुरशी) किती आली हेही टिपा. बांधावरच्या झाडावर आपण फवारणी करत नाही, म्हणून ही नोंद मोलाची. खोबऱ्याचा मोहोर ढगाळ हवेत काळा पडतो. शेजारच्या गोटीवर तीच हवा असून डाग पडत नाही. हे मी सलग तीन साल बघितलं, मगच पक्कं लिहिलं.

आता फळ. इथं घाई करू नका.

झाडावर पिकलेला पहिला पाड खाली पडला की झाड उतरायला आलं असं धरायचं. आमच्याकडं रोहिणी निघाल्यावर, मे संपता संपता, पाड लागतो. गोटी थेट मृगापर्यंत नेतो, आणि पाऊस लागला की त्यात अळ्या होतात, हीही त्याच्या पानावरची नोंद आहे. फळ झेल्यानं, म्हणजे टोकाला जाळी बांधलेल्या काठीनं उतरवा, बोटाच्या पेराएवढा देठ ठेवून. देठ मुळातून तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि तिथं काळा डाग पडतो. चीक किती निघतो तेही लिहा. आमच्या लोणच्याचा चीक हातावर पडला तर फोड येतो.

उतरवलेली फळं बादलीभर पाण्यात सोडा. जी बुडतात ती पक्व, जी तरंगतात ती कोवळी. गुण मोजायला बुडालेलीच घ्यायची. झाडाच्या चारी अंगांची मिळून वीस तरी घ्या. उन्हाच्या अंगाचं फळ आणि सावलीतलं फळ रंगाला एकसारखं नसतं. एकाच फांदीची फळं आणून 'हा असाच असतो' असं लिहिणं म्हणजे वर्गातल्या एका पोराचं वजन सगळ्यांच्या नावापुढं टाकण्यासारखं आहे.

भाताच्या पिंजरात अढी घाला. एका झाडाची अढी वेगळी, वर नावाची चिठ्ठी. अढी घातल्याची तारीख आणि फळ हाताला मऊ लागलं ती तारीख, दोन्ही लिहा. पिकल्यावर किती दिवस टिकतं हेही बघा. चार फळं मुद्दाम न खाता ठेवा आणि कितव्या दिवशी देठाकडून काळी पडतात ते पाहा. बाजारात न्यायच्या फळाला हा गुण गोडीइतकाच लागतो.

फळ कापायच्या आधी बाहेरून निरखून घ्या. देठाजवळ खळगा आहे की उंचवटा, खांदा दोन्ही बाजूंनी सारखा की एकीकडं उतरता, टोकाला चोच आहे का, पिकल्यावर साल पिवळी होते की हिरवीच राहते. केळ्या पिकला तरी हिरवाच दिसतो. नवख्या माणसाला तो कच्चा वाटतो आणि सडेपर्यंत तसाच अढीत राहतो. हे लिहून ठेवलं म्हणून सुनेनं तो वेळेवर काढला.

मग दहा फळं वजन करून कापा. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो. आधी अख्खं फळ, मग साल, मग कोय धागे खरवडून. राहिलेला तो गर. खोबऱ्याच्या एका फळाचा आकडा सांगते: फळ २१० ग्रॅम, साल ३२, कोय ४६, गर १३२. म्हणजे शंभरातले ६३ भाग गर. दहा फळांची सरासरी काढा, आणि सगळ्यात लहान व सगळ्यात मोठ्या फळाचं वजन वेगळं लिहा. गोटी तर हातात मावून उरेल एवढाच. त्याच्या वजनात निम्मी कोयच असते, पण चवीला त्याच्या जवळपास जाणारा दुसरा आंबा आमच्या शिवारात नाही.

गोडी मोजायला माझा भाचा त्याचं रिफ्रॅक्टोमीटर देतो. तो तासगावकडं द्राक्षं करतो, तिकडं घरोघरी ही नळी असते. आधी साध्या पाण्याचा थेंब टाकून शून्य येतंय का बघा, काच पुसा, मग रसाचा थेंब. एकाच फळाच्या देठाकडची आणि टोकाकडची गोडी निरनिराळी लागते, म्हणून गर एकत्र कालवून थेंब घ्यायचा. खोबऱ्याचा आकडा १९ आला, केळ्याचा २०. पण जिभेला केळ्या कमी गोड लागतो, कारण त्यात आंबटपणा आहे. आकडा लिहा, पण जिभेचं म्हणणं त्याच्या शेजारी लिहिल्याशिवाय पुढं जाऊ नका.

जिभेसाठी मी पाच जण बसवते. त्यात एक म्हातारं माणूस आणि एक लहान पोर असतंच. कुणी कुणाचं ऐकायचं नाही, आधी चाखायचं, मग एकेकानं मला कानात सांगायचं. चवीला शब्द सापडत नाहीत असं लोक म्हणतात, पण विचारलं की सापडतात. खोबऱ्याचं चाखून नातू म्हणाला, "आज्जे, ओल्या नारळाची वडी." शेजारचे बापू म्हणाले, "पहिल्यांदा गोड, गिळल्यावर मागनं जरा हिरव्या चिंचंगत." दोन्ही जसंच्या तसं लिहिलं. 'चव छान' एवढंच लिहिलेलं पान कशाचं काम देत नाही. आधी कुठली चव, मागून कुठली, वास सालीला आहे की गराला, रस पातळ की दाट, धागा दातात अडकतो की कोयीलाच चिकटून राहतो, हे आलं पाहिजे.

धाग्याबद्दल माझं मत सांगते. धागा असला की आंबा हलका, हा कापून खाणाऱ्यांचा हिशोब. रायवळ चोखायचा असतो. दोन्ही हातांनी मऊ करायचा, देठाकडं तोंड करायचं आणि दाबत जायचं. त्याला धागा लागतोच, तो गर धरून ठेवतो आणि रस तेवढा सोडतो. हापूसच्या मापानं रायवळ मोजू नका. हापूसला साका होतो, गरात पांढरा स्पंजासारखा भाग. आमच्या खोबऱ्यात मी इतकी फळं कापली, एकदाही तो दिसला नाही. हे त्याच्या पानावर मी ठळक लिहिलंय.

लोणच्याच्या आंब्याची पारख वेगळी असते, ती पिकल्यावर करायची नसते. कोय धरलेली कैरी घ्या, म्हणजे अडकित्त्याला कट्ट लागेल अशी. फोडी करून मोजून घ्या, एक किलोला शंभर ग्रॅम मीठ चोळा, रात्रभर झाकून ठेवा आणि सकाळी सुटलेलं पाणी मापात ओता. कमी पाणी सोडते ती कैरी मुरल्यावरही करकरीत राहते. मग बरणी भरून वर तारीख घाला आणि वर्षानं फोड दाताखाली घेऊन बघा. आमच्या लोणच्याची फोड दुसऱ्या पावसाळ्यातही कुरकुर वाजली. पिकला तर कुणी तोंडात घालणार नाही असं हे झाड, म्हणून भाऊजी ते काढायला निघाले होते. ती बरणी त्यांच्यापुढं ठेवली, तेव्हा झाड वाचलं.

एवढं झालं की कलम. आमच्याकडं कोय कलम सोपं पडतं, कारण पावसाळ्यातली ओली हवा आयती मिळते. गंमत म्हणजे नर्सरीतल्या हापूस-केशरच्या कलमांखालीही मुळं रायवळाच्याच कोयीची असतात. रायवळ इतका चिवट असतो. आपण तेच करायचं, फक्त वर काडीही रायवळाची.

कोयी ताज्याच लागतात. फळ खाल्लं की धुऊन सावलीत निथळवा आणि आठवडाभरात पेरा. महिनाभर पडलेली कोय उगवेलच याचा भरवसा नाही. वाळू-शेणखत-मातीच्या वाफ्यात आडवी ठेवा, फुगीर कड वर. कोंब वर येऊन दहा-पंधरा दिवस झाले, पानं अजून तांबूस आणि दांडा कोवळा आहे, तेव्हा कलम करायचं. पानं हिरवी झाली की दांडा कडक होतो आणि कलम धरत नाही.

काडी निवडताना मात्र झाडावर नीट बघा. उन्हाच्या अंगाची, तीन-चार महिन्यांची, शिसपेन्सिलीच्या जाडीची, टोकाचा डोळा फुगलेला पण फुटलेला नाही अशी, आणि त्या साली मोहोर न आलेल्या फांदीची. बुंध्यातून सरळ वर जाणारी जोमदार फूट दिसायला छान असते, ती घेऊ नका. काडी कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं कापून टाका, देठ तेवढे ठेवा. या दिवसांत डोळा भरतो. देठ हात लावताच गळायला लागले की काडी तयार. जुन्या झाडावर अशा काड्या कमी मिळतात, म्हणून एका पावसाळ्यात सगळं होईल असं धरू नका. कापलेली काडी ओल्या फडक्यात गुंडाळून केळीच्या सोपटात बांधा आणि शक्यतो त्याच दिवशी लावा.

बांधायची रीत अशी. कोयीसकट रोप अलगद उपटायचं, कोय गळू द्यायची नाही. दांडा कोयीपासून चार बोटांवर आडवा छाटायचा आणि मधोमध दीड इंच खोल चीर द्यायची. काडी सहा इंचांची, तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढाच लांब उतार द्यायचा, पाचरीसारखा, एका ओढीत, घासून नाही. पाचर चिरीत बसवली की निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे. काडी जाड आणि रोप बारीक असेल तर मधोमध ठेवू नका, एका कडेला लावा. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर ताणून गुंडाळा, पाणी आत जाता कामा नये. वरून पोरं खातात त्या बर्फाच्या पेप्सीची रिकामी प्लास्टिकची नळी टोपीसारखी घाला, म्हणजे काडी सुकत नाही. पिशवीत लावा, सावलीच्या जाळीखाली ठेवा. आमच्याकडं पुनर्वसू-पुष्यात, म्हणजे तरण्या-म्हाताऱ्या पावसात बांधलेली कलमं चांगली धरतात. दोन-तीन आठवड्यांत डोळा हलतो, तेव्हा टोपी काढायची.

पहिल्या साली मी वीस बांधली, अकरा जगली. जी मेली त्यातली बहुतेक पिशवीत पाणी साचून मेली, तळाला भोकं कमी होती. आता मी पिशवीला भोकं स्वतः पाडते. रोज संध्याकाळी हात फिरवायचा, पण पाणी ओल बघूनच द्यायचं.

प्रत्येक कलमाला झाडाचं नाव आणि तारीख बांधा. कागद गळतो, शाईचं पेन उन्हात उडतं. मी पत्र्याच्या पट्टीवर खिळ्यानं कोरते आणि तारेनं सैल अडकवते. जोड भरून आला की तीनेक महिन्यांनी प्लास्टिकची पट्टी कापून काढा, नाहीतर ती दांड्यात रुतते. पुढच्या पावसाळ्यात शेतात लावताना जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तर खुडून टाका. जीव तुटतो, पण झाड बांधायला तेवढं करावंच लागतं.

सगळी कलमं आपल्याच शेतात लावू नका. खोबऱ्याची मी तीन गावांत दिलीत: एक माहेरी पाटणकडं, एक तासगावला भाच्याच्या बांधावर, बाकीची इथं. एखाद्या बांधावर रस्ता आला किंवा वणवा लागला तरी दुसरीकडं तो उभा राहील. आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला आपलं स्वतःचं वाण नोंदवता येतं. आपली वही घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा, साताऱ्याकडं बोरगावला, सांगलीकडं कांचनपूरला. तिथं पहिला प्रश्न हाच येतो की वाणाचे गुण काय. वहीतली चार पानं तेव्हा पुढं करायची.

शेवटची नजर जोडाखाली ठेवायची. तिथून फूट आली की ती कोयीच्या रोपाची, आपल्या आंब्याची नव्हे, आणि ती वरच्या काडीपेक्षा जोरात वाढते. दिसली की नखानं खुडा. भाच्याच्या बांधावरच्या कलमाची अशी फूट दोन वर्षं कुणी बघितली नाही, वरची काडी दबून मेली आणि पत्र्यावर नाव राहिलं खोबऱ्याचं. पालवी पोपटी दिसली म्हणून मी ओळखलं, कारण खोबऱ्याची तांबडी. ती पट्टी काढून आणली आणि या आषाढात त्यांच्यासाठी दुसरं कलम बांधलंय.